बेताच्या पैशांत जुनी अल्फा रोमिओ १५९ : माझा अनुभव

पाच हजार पौंडांत चार दारांची आणि चालवताना मन रमेल अशी इटालियन गाडी घ्यायची, असे मी ठरवले तेव्हा लंडन परिसरातल्या आमच्या बहुतेक मराठी स्नेह्यांनी एकच सल्ला दिला : तेवढ्या पैशांत चांगली टोयोटा मिळेल, ती घे आणि निश्चिंत राहा. सल्ला व्यवहाराला धरून होता. परंतु इटालियन गाड्या सारख्या बिघडतात हा समज इंग्लंडमध्ये पक्का रुजला आहे, आणि त्यामुळेच त्यांच्या किमती त्याच वर्गातल्या जर्मन गाड्यांपेक्षा लवकर उतरतात. घाई न करता कागदपत्रे वाचण्याची आणि गाडीखाली वाकून पाहण्याची ज्याची तयारी आहे, त्याला थोड्या पैशांत फार देखणी गाडी मिळू शकते, असे माझे मत होते आणि आजही आहे. पैशांची विभागणी मी आधीच करून ठेवली : गाडीसाठी जास्तीत जास्त चार हजार आणि उरलेले हजार गाडी घरी आल्याबरोबर करायच्या कामांसाठी. ते हजारही किमतीत घालून थोडी बरी गाडी घ्यावी, असा मोह सतत होतो. तो मी आवरला, आणि पुढचा सगळा व्यवहार सुरळीत झाला तो मुख्यतः त्यामुळे.

सुरुवातीला मनात अल्फा रोमिओ १५६ होती. वॉल्टर दे सिल्व्हा यांनी रेखाटलेली, मागच्या दारांच्या मुठी खिडकीच्या कडेला लपवलेली ही गाडी १९९७ साली आली आणि १९९८ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ ठरली. कॉमन रेल पद्धतीचे, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरांना उच्च दाबाने इंधन देणारे, डिझेल इंजिन प्रवासी गाडीत पहिल्यांदा बसले ते हिच्यातच. पुढे आपल्याकडे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्या फियाटच्या ज्या १.३ लिटर डिझेल इंजिनावर धावल्या, ते याच घराण्यातले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. जिउझेप्पे बुस्सो यांच्या व्ही-सिक्स इंजिनाची १५६ मला मनापासून हवी होती, पण तशी निगा राखलेली गाडी माझ्या पैशांत बसत नव्हती. चार सिलिंडरच्या ट्विन स्पार्क इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपांची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा, बदलण्याची मुदत कंपनीने आधी ७२,००० मैल सांगितली होती आणि नंतर ती निम्म्यावर, म्हणजे ३६,००० मैलांवर आणली. एवढ्या लवकर बेल्ट बदलण्याचा खर्च प्रत्येक मालकाने केलेला असतोच असे नाही. शिवाय आज सगळ्यात नवी १५६सुद्धा वीस वर्षांच्या घरात आहे.

म्हणून मी तिच्यानंतरच्या १५९ कडे वळलो. २००५ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी जोर्जेटो जिउजारो यांच्या हातची आहे. पुढे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे, मधली त्रिकोणी जाळी थेट बंपरच्या तळापर्यंत उतरलेली, आणि तिला जागा देण्यासाठी नंबरप्लेट एका बाजूला सरकवलेली. समोरून येताना ती कोणत्याही गर्दीत ओळखू येते. जनरल मोटर्सबरोबरच्या भागीदारीच्या काळात आखलेला तिचा सांगाडा वजनाला जड आहे, आणि त्याबद्दल तिच्यावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र त्या वजनाचा फायदाही दिसला : गाडी भक्कम वाटते, दार लागताना येणारा आवाजच ते सांगतो, आणि मोटरवेवर ती रस्त्याला धरून चालते.

इंजिन निवडताना माझी आवड कमी आणि राहण्याचे ठिकाण जास्त कामाला आले. आम्ही पश्चिम लंडनमधल्या हौन्स्लोला राहतो. २९ ऑगस्ट २०२३पासून प्रदूषण शुल्काचे क्षेत्र लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू झाले, आणि त्याच्या नियमांत न बसणारी गाडी बाहेर काढली की दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. डिझेल गाडीला युरो ६ या युरोपीय प्रदूषण मानकाची अट आहे, आणि १५९चे एकही डिझेल इंजिन त्यात बसत नाही. पेट्रोलला युरो ४ पुरते. त्यामुळे बाजारात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या डिझेल १५९ माझ्या यादीतून आपोआप गेल्या. उरलेल्यांपैकी २.२ लिटरच्या इंजिनाची टायमिंग चेन (बेल्टऐवजी तेच काम करणारी साखळी) ताणली जाते, ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली दुखरी बाजू. ३.२ लिटरची व्ही-सिक्स मोहक खरी, पण २३ मार्च २००६ किंवा त्यानंतर नोंदलेली आणि किलोमीटरमागे २२५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी सर्वांत वरच्या करगटांत जाते, आणि तिचा रोड टॅक्स आता वर्षाला सातशे पौंडांच्या वर आहे. २००९मध्ये आलेले १७५० टीबीआय हे टर्बो पेट्रोल इंजिन मला सर्व दृष्टींनी योग्य वाटले : १७४२ सीसी, २०० अश्वशक्ती, आणि ३२० न्यूटन मीटरचा जोर मिनिटाला अवघ्या १४०० फेऱ्यांपासून. या इंजिनाच्या गाड्या संख्येने कमी आहेत, त्यामुळे वाट पाहावी लागते.

त्या वाट पाहण्याच्या काळात मला सर्वांत उपयोगी पडली ती इथली एमओटी, म्हणजे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे दरवर्षीचे पासिंग. कोणत्याही गाडीचा नंबर टाकला की तिच्या पासिंगचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो : दर वर्षीचे मैल, कशामुळे नापास झाली, आणि पास झाली तरी तपासनिसाने कोणत्या सूचना लिहून ठेवल्या. मैलांचा आकडा सलग वाढत गेला आहे की मध्येच मागे आला आहे, हे तर त्यात कळतेच. पण मी त्याहून जास्त वेळ सूचना वाचण्यात घालवला. एकाच चाकाचा टायर आतल्या कडेला झिजल्याची नोंद ओळीने तीन वर्षे येत असेल, तर त्या मालकाने टायर बदलले आणि ते झिजवणाऱ्या सस्पेन्शनकडे पाहिलेच नाही, असा अर्थ होतो. याउलट एका वर्षी आलेली सूचना पुढच्या वर्षी नाहीशी झाली असेल आणि त्या कामाची पावतीही असेल, तर तो मालक आपल्या कामाचा. मी गाडीच्या आधी मालक तपासत होतो, असे म्हटले तरी चालेल.

१५९च्या बाबतीत एक नोंद विशेष जपून वाचावी लागते. इंजिनाखाली असलेल्या पुढच्या सबफ्रेमला, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या धातूच्या चौकटीला, गंज धरतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर उडून तिथे साचते, आणि खालून प्लॅस्टिकचे आवरण असल्यामुळे आत काय चालले आहे ते दिसत नाही. पासिंग करणारा ते आवरण काढत नाही. तो फक्त एवढेच लिहितो की आवरणामुळे खालचे काही भाग दिसले नाहीत. एका विक्रेत्याकडची काळी १५९ मला पाहताक्षणी आवडली होती. रंगाला आरशासारखी चकाकी, आतले चामडे निर्दोष. तिच्या इतिहासात मात्र आधी ‘सबफ्रेम गंजली आहे, पण अजून कमकुवत झालेली नाही’ अशी सूचना होती आणि पुढच्या वर्षापासून तिच्याऐवजी आवरणाची नोंद आली होती. मी गाडी लिफ्टवर घेऊन आवरण काढून दाखवण्याची विनंती केली, आणि विक्रेत्याने ते सौजन्याने मान्य केले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकताच सबफ्रेमच्या जोडापाशी गंजाचे पापुद्रे सुटून खाली पडले. वरचा थर निघाल्यावर खाली धड धातू दिसेना. सबफ्रेम बदलायची तर इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग सोडवावे लागतात, आणि माझ्या गॅरेजवाल्याने सांगितलेला अंदाज राखून ठेवलेल्या हजारांच्या वर जात होता. विक्रेत्याकडून गाडी घेतली की २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे तीस दिवसांत सदोष गाडी परत करता येते, हे संरक्षण मोठे आहे; पण दोष डोळ्यांनी पाहून घेतलेल्या गाडीला त्याचा आधार नाही. ती गाडी मी सोडली.

मनासारखी गाडी अखेर बेडफर्डला मिळाली. त्या गावात इटालियन वस्ती मोठी आहे. १९५०च्या दशकात दक्षिण इटलीतून माणसे तिथल्या वीटभट्ट्यांच्या कारखान्यांत कामाला आली आणि स्थायिक झाली. गाडीचे मालक अशाच एका घरातले, आता निवृत्त झालेले गृहस्थ होते, आणि त्यांचे घराणे कंपानियाचे, म्हणजे ज्या भागातल्या पोमिल्यानो दार्को इथे १५९ बनत असे तिथलेच. माझ्या वडिलांकडे मुंबईत प्रीमियर पद्मिनी होती, आणि ती फियाट ११००चीच आवृत्ती कुर्ल्याच्या कारखान्यात कित्येक वर्षे बनत होती, हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की गाडी पाहण्याआधी कॉफी घ्यावी लागली. त्यांनी जाड फाईल समोर ठेवली. २०१०पासूनच्या पावत्या वर्षवार लावलेल्या, दोन्ही चाव्या एका लिफाफ्यात, आणि सबफ्रेम सोडवून, घासून, त्यावर गंजरोधक मेण मारल्याची गॅरेजची पावती छायाचित्रांसकट. टायमिंग बेल्ट मात्र बदलून बरीच वर्षे झाली होती, आणि हे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितले.

मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका, अशी विनंती फोनवर केली होती, कारण थंड इंजिन सुरू होताना जे कळते ते गरम इंजिनात झाकले जाते. बॉनेटला हात लावून पाहिला, तो गार होता. सुरू होताना खडखड झाली नाही, मागून निळा धूर आला नाही, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नव्हता. चारही टायर एकाच नामांकित कंपनीचे आणि सारखे झिजलेले होते. काटकसर करणारा मालक टायरवर पहिल्यांदा पैसे वाचवतो, म्हणून ही खूण मी महत्त्वाची मानतो. चालवताना गतिरोधकांवरून मुद्दाम सावकाश गेलो, तेव्हा पुढच्या डाव्या बाजूने सस्पेन्शनच्या वरच्या आर्मच्या बुशचा (जोडातल्या रबराचा) किंचित करकर आवाज आला. क्लच ठीक होता, एसी थंड हवा देत होता, आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून पाय दाबला तेव्हा गाडीने जो एकसारखा जोर घेतला, त्याने माझा निर्णय झाला. बेल्ट आणि बुशचा खर्च समोर मांडून बोलणी केली, आणि ३,७०० पौंडांवर सौदा ठरला.

खासगी मालकाकडून घेताना तीस दिवसांचे ते संरक्षण मिळत नाही, त्यामुळे पैसे देण्याआधीची चौकशी पक्की हवी. थोडे पैसे भरून गाडीचा पूर्ण अहवाल काढला : कर्ज बाकी नाही, चोरीची नोंद नाही, अपघातात विमा कंपनीने निकालात काढलेली नाही. लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, ज्याचे नाव असते तो नोंदणीकृत वापरकर्ता. मालकीचा तो पुरावा नव्हे, असे त्या कागदावरच छापलेले असते. म्हणून मूळ खरेदीची पावती आणि त्यांचे ओळखपत्र पाहून, त्यांच्या घरी बसून बँकेतून पैसे पाठवले, आणि दोघांच्या सहीची पावती केली. विम्याचा हप्ता आधीच विचारून ठेवला होता, तो विमा तिथूनच सुरू केला. रोड टॅक्स १ ऑक्टोबर २०१४पासून गाडीबरोबर नव्या माणसाकडे जात नाही, तेव्हा लॉगबुकाच्या हिरव्या चिठ्ठीवरचा बारा आकडी क्रमांक टाकून तोही भरला. त्यांनी नाव बदलाची नोंद माझ्यासमोर ऑनलाइन केली, आणि मगच मी गाडी रस्त्यावर काढली.

पहिले काम टायमिंग बेल्टचे. त्याबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी कप्पी) आणि पाण्याचा पंपही बदलला, कारण मजुरी एकदाच लागते आणि पंप पुढे अडकला तर नवा बेल्टही जातो. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि वरच्या आर्मची जोडी एवढे सगळे मिळून राखून ठेवलेल्या हजारांत बसले. आवरण उतरलेले होते तेव्हा सबफ्रेम स्वतः पाहिली. मेणाचा थर एका कोपऱ्यात पातळ झाला होता, तिथे पुन्हा मेण मारून घेतले. शहरात गाडी पेट्रोल भरपूर पिते, हे खरे आहे, आणि रोजच्या कामाला मी ट्यूबनेच जातो. गाडी सुटीच्या दिवशी निघते. मागच्या सबफ्रेमला अजून हात लावलेला नाही. हिवाळा सुरू होण्याआधी, रस्त्यांवर मीठ पडायच्या आत, तिलाही घासून मेण मारायचे ठरले आहे आणि गॅरेजची वेळ घेतलेली आहे.