ट्रोपोनिन नव्हतं, तरी उजेड पडला

दुपारी बाराच्या सुमारास पडद्यावरची रेघ वर चढली. ती सपाट राहायला हवी होती. त्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, ट्रोपोनिन नव्हतंच. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. मुद्दाम ट्रोपोनिनमुक्त म्हणून मागवलेलं सीरम होतं ते. तरी फोटोमल्टिप्लायरने उजेड मोजला, आणि तो आमच्या सर्वांत कमी ट्रोपोनिनच्या नमुन्याइतका भरला.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी ईसीएल सेन्सरवर काम करते. ईसीएल म्हणजे इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्स. इलेक्ट्रोडला व्होल्टेज दिलं की त्याच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया होते आणि तिथूनच प्रकाश निघतो. आम्ही वापरतो ते रुथेनियमचं संयुग. ट्रायप्रोपिलअमीन हे साहाय्यक रसायन सोबत असलं की ते 620 नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-लाल उजेड देतं. रुथेनियमचा हा प्रकाश टोकेल आणि बार्ड यांनी 1972 मध्ये दाखवला, ट्रायप्रोपिलअमीनची जोड 1990 मध्ये लेलँड आणि पॉवेल यांनी दिली. आज अनेक मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये थायरॉइड आणि ट्रोपोनिन याच तत्त्वावर मोजतात. बाहेरून प्रकाशझोत टाकावा लागत नाही, त्यामुळे मोजणी जवळजवळ पूर्ण काळोखातून सुरू होते. या पद्धतीवर माझा जीव आहे तो या काळोखासाठी. म्हणूनच त्या दिवशीची रेघ जिव्हारी लागली.

आमची रचना अशी: छापील कार्बन इलेक्ट्रोडवर ग्राफिन आणि सोन्याचे नॅनोकण, त्यांवर ट्रोपोनिन पकडणारी अँटिबॉडी. दुसरी अँटिबॉडी सिलिकाच्या नॅनोकणावर, आणि त्या कणाच्या पोटात रुथेनियम. एरवी एका अँटिबॉडीला रुथेनियमचे मोजकेच रेणू जोडता येतात. सिलिकाच्या एका कणात हजारो मावतात. सिलिकावर ऋण भार, रुथेनियमच्या संयुगावर धन, म्हणून ते आत टिकूनही राहतात. ट्रोपोनिनचा एकच रेणू दोन अँटिबॉडींच्या मध्ये सापडला, तरी अख्खा कण इलेक्ट्रोडपाशी येऊन बसतो. बफरमध्ये, म्हणजे साध्या क्षारांच्या द्रावणात, हे सगळं देखणं चाललं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा खरं सीरम घातलं होतं.

"ताई, इलेक्ट्रोडच चमकतोय का?" माझ्या ज्युनिअरने विचारलं. शंका रास्त होती. सिलिकाचे कण वगळून तसाच इलेक्ट्रोड, तेच सीरम, तेच ट्रायप्रोपिलअमीन घेतलं. रेघ सपाट. म्हणजे उजेड कणांचाच होता.

मग मॅडम आल्या. आलेख पाहून म्हणाल्या, "काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात, की ट्रोपोनिन नसतानाही त्या तुमच्या दोन्ही अँटिबॉडींना धरून ठेवतात. आधी ते तपासा." हे खरंच घडतं, आणि त्यामुळे चाचण्यांचे चुकीचे निकालही आलेले आहेत. तपासायची रीत सोपी आहे: पकडणारी अँटिबॉडी इलेक्ट्रोडवर लावायचीच नाही. पूल बांधायला पलीकडचा काठच नसेल तर उजेड पडणार नाही. आम्ही तसा इलेक्ट्रोड केला आणि डब्याचं झाकण लावलं.

उजेड पडला. जवळजवळ तेवढाच.

म्हणजे पूल वगैरे काही नव्हता. सीरममधली प्रथिनं ग्राफिनवर आणि सोन्यावर बसत होती आणि सिलिकाचे कण त्यांना नुसते चिकटत होते. ज्या खडबडीत, विस्तीर्ण पृष्ठभागाने सिग्नल वाढवला होता, त्यानेच चिकटायला जागाही वाढवून दिली होती. आणि चुकून चिकटलेला एक कण म्हणजे एक खोटा रेणू नव्हे. त्याच्यासोबत हजारो दिवे पेटतात. नॅनोकणांमुळे सिग्नल किती पट वाढला हे शोधनिबंधांत ठळक छापलेलं असतं. मी आता आधी सीरमचा ब्लँक शोधते, म्हणजे ट्रोपोनिन नसलेल्या सीरममध्ये किती उजेड पडला ते. शोध-मर्यादा, म्हणजे चाचणीला ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, ब्लँकच्या सरासरीत त्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवून काढतात. ब्लँक वर गेला आणि डळमळला, की सिग्नल कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.

ट्रोपोनिनच्या बाबतीत तर मुळीच नाही. रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या अतिसंवेदनशील ट्रोपोनिन टी चाचणीत निरोगी माणसांसाठीची वरची मर्यादा 14 नॅनोग्रॅम प्रति लिटर धरतात. छातीत दुखतंय म्हणून रात्री आलेल्या माणसाला घरी पाठवायचं की दाखल करून घ्यायचं, हे इतक्या बारीक आकड्याभोवती ठरतं. तिथे आमच्या ब्लँकचा खोटा उजेड एखाद्या धडधाकट माणसाला हृदयविकाराचा रुग्ण ठरवू शकतो.

संध्याकाळपर्यंत हाताशी होतं ते करून पाहिलं. सीरम आणि कण एकत्र घालण्याऐवजी आधी सीरम, मग धुणं, मग कण. मोकळी जागा बीएसए या प्रथिनाने झाकली, धुण्याच्या बफरमध्ये साबणासारखं काम करणारं थोडं ट्वीन-20 घातलं. शेवटचं धुणं मात्र साध्या बफरनेच केलं, कारण असे पृष्ठसक्रिय पदार्थ सोन्यावर उरले तर ट्रायप्रोपिलअमीनची क्रिया बदलते आणि उजेडही बदलतो. ब्लँक खाली आला, पण पुरेसा नाही.

खरा फरक पुढे पडला, सिलिकाच्या कणांवर पीईजी या पॉलिमरचा थर चढवल्यावर. पीईजीच्या लवचिक, पाणी धरून ठेवणाऱ्या साखळ्या प्रथिनांना जवळ येऊ देत नाहीत. एकूण उजेड कमी झाला, ब्लँक त्याहून कितीतरी जास्त कमी झाला, आणि आधी एकमेकांत मिसळलेले दोन सर्वांत कमी नमुने वेगळे दिसू लागले. ज्युनिअरला घटलेल्या सिग्नलचं वाईट वाटत होतं. मी तिला जुना आणि नवा आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

आता नव्या कणांची प्रत्येक खेप आधी सीरमच्या ब्लँकवर तपासतो. ट्रोपोनिनचा नमुना त्यानंतर. सध्याचा प्रश्न वेगळा आहे: सगळ्यांचं सीरम सारखं नसतं. जास्त चरबीचं, लाल पेशी फुटलेलं, रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्यांचं, अशा नमुन्यांवर हेच कण कसे वागतात ते पाहणं चालू आहे.