चवथीच्या आधीच्या चार रात्री

एका तरुणाविषयी लिहितो. ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील बदलले आहेत. चूक माझी असल्याने ती तशीच ठेवली आहे. आषाढात तो आईबरोबर आला तेव्हा दोन महिन्यांपासून खोलीबाहेर पडत नव्हता, अन्नावर वासना नव्हती आणि नोकरी सुटायच्या बेतात होती. लक्षणे नैराश्याची होती आणि मी नैराश्याचेच औषध लिहून दिले. पूर्वी कधी झोप कमी होऊनही अंगात भलताच उत्साह राहिला होता का, असे मी त्याला ओझरते विचारले, त्याने नकारार्थी मान हलवली, आणि शेजारी बसलेल्या आईला मी तो प्रश्न विचारलाच नाही.

चवथीच्या चार दिवस आधी तो उठून कामाला लागला. गणपतीच्या मूर्तीवर फळाफुलांची माटोळी टांगतात, तिच्यासाठी सुपारीचे घोस, नारळ, तवशी आणि रानफळे त्याने इतकी आणली की दोन घरांच्या माटोळ्या बांधून झाल्या असत्या. रात्री तीन वाजता शिडीवर चढून तो ती बांधत होता, मनाजोगी होत नाही म्हणून सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. घरच्यांना वाटले, गणपती पावला. गणपती पोहोचवायच्या आत त्याने साऱ्या वाड्याच्या रोषणाईची उधारी अंगावर घेतली होती आणि अडवायला गेलेल्या थोरल्या भावावर हात टाकला होता. त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हा आई सहज बोलून गेली, ‘‘डॉक्टर, पाच वर्षांपूर्वी त्याने असेच चार रात्रींत सगळे घर रंगवले होते. झील कामसू झाला म्हणून आम्ही खुशीत होतो.’’

बायपोलर विकारात, म्हणजे द्विध्रुवीय विकारात, उन्माद आणि नैराश्य यांची आवर्तने येतात. पुष्कळांमध्ये पहिले आवर्तन नैराश्याचे असते, आणि ते साध्या नैराश्यासारखेच दिसत असल्यामुळे डॉक्टर फसतो. अशा वेळी भावस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड न देता केवळ नैराश्यावरचे औषध दिले, तर काही रुग्ण उन्मादाकडे ढकलले जातात. रुग्ण आपल्या उत्साहाच्या दिवसांचा उल्लेख करत नाही, कारण त्याच्या लेखी ते आजाराचे दिवस नसून आयुष्यातले चांगले दिवस असतात. म्हणून ती हकीकत घरच्यांकडूनच कळते, आणि ती त्यांना विचारणे हे माझे काम होते.

मनःस्थितीपेक्षा झोपेवर लक्ष ठेवा, असे मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगतो. निद्रानाशाने जागणारा माणूस सकाळी गळून गेलेला असतो, तर उन्मादाकडे निघालेला माणूस तीन तास झोपूनही ताजातवाना उठतो आणि चहा व्हायच्या आत चार बेत सांगतो. शिवाय जागरण हे लक्षण तसेच निमित्तही ठरते. जत्रा, पहाटेपर्यंत चालणारा दशावतार, शिगमो, नाट्यस्पर्धेच्या तालमी, हे सारे सोडा असे गोव्यात कोणाला सांगणार? पण या आजाराच्या माणसाने मध्यरात्रीपूर्वी घरी परतावे, एवढे तरी ठरवता येते. देवाला कौल लावणाऱ्यांना मी अडवत नाही. कौल मिळेपर्यंत गोळ्या बंद ठेवणाऱ्यांशी मात्र भांडतो.

गोळ्यांपैकी लिथियमविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1949 साली मांडले, आणि आजही पुन्हा आवर्तन येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांत त्याचे स्थान पक्के आहे. लिथियम हा क्षार आहे. मूत्रपिंड त्याला मिठातल्या सोडियमसारखे वागवते, त्यामुळे शरीरातले मीठ-पाणी घटले की ते लिथियम धरून ठेवते. मे महिन्यातला घाम, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, रक्तदाबासाठी मीठ एकाएकी तोडणे, गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, यांपैकी कशानेही रक्तातली पातळी चढू शकते. साधारणपणे ती लिटरमागे 0.6 ते 0.8 मिलिमोल राखतात, आणि त्यासाठीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचे असते. सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेल्यास येणारा आकडा फसवा असतो. हात जोराने थरथरू लागले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी.

चढत्या उन्मादात वाद घालून कोणी जिंकलेले मी पाहिलेले नाही. एटीएम कार्ड कोणाकडे राहील, गाडीची चावी कोण ठेवील, हे माणूस बरा असताना त्याच्याच संमतीने ठरवावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे.

त्या आईने तेव्हापासून एक वही घातली आहे. दिवा कधी मालवला आणि मुलगा कधी उठला, एवढेच ती त्यात लिहिते. पुढच्या चवथीनंतर तिने ती माझ्यापुढे ठेवली. माटोळी दिवसाउजेडी बांधली होती, आणि ज्या रात्री घरी घुमट या मातीच्या वाद्यावर आरती रंगली त्या रात्रीची नोंद होती: ‘साडेदहाला निजला. सहाला उठला. घुमट भावाने वाजवले.’