मॅट कागदावरचा काळा : आमची वाटचाल

आम्ही फक्त कृष्णधवल प्रिंट काढतो, त्याही मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, कागदावर. धंदा सुरू केला तेव्हा इंकजेटवर करडा रंग बहुतेक रंगीत शायांच्या मिश्रणातूनच यायचा. दिव्याखाली प्रिंट बरी दिसायची, खिडकीशी नेली की हिरवट मारायची. तेव्हाच ठरवलं, की कार्बनच्या शाया वापरायच्या आणि यंत्रात शाईच्या सगळ्या जागी काळ्याकरड्याच छटा भरायच्या. जॉन कोन यांच्या पिएझोग्राफीनं, म्हणजे निव्वळ काळ्याकरड्या शायांनी छापायच्या पद्धतीनं, ही वाट आधीच दाखवली होती. 2005 च्या सुमाराला एप्सनच्या के-थ्री शायांमुळे तीन घनतांचे काळे एका यंत्रात आले आणि लोकांना आमचं म्हणणं पटू लागलं.

मधली वर्षं चांगली गेली. सांगायचं आहे ते कागदाबद्दल.

आमचा कागद संपूर्ण सुती, चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या वरचा, ब्रायटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) नसलेला. आमची मॅट ब्लॅक (मॅट कागदाची काळी शाई) त्यावर 1.65 घनता द्यायची; हा आकडा जितका मोठा, तितका काळा गडद. चकचकीत कागदावर 2.3 सहज मिळते, मॅटवर 1.6 च्या पुढचा प्रत्येक शतांश कमवावा लागतो. एका मोठ्या प्रदर्शनाचं काम हातात असताना नवे खोके आले. नाव तेच, वेष्टन तेच. पहिल्याच प्रिंटमध्ये सावल्या चिखलासारख्या. मोजलं तर घनता 1.4 च्या आसपास, आणि चाचणीच्या छापातल्या 90 टक्के काळ्याच्या पुढच्या पट्ट्या एकमेकींत मिसळलेल्या.

पुरवठादार म्हणाला, ‘तुमचं हेड तपासा.’ हेडमधली शाईची छिद्रं तपासणारा नोझल चेक स्वच्छ होता. जुन्या खोक्यातले उरलेले ताव होते. त्यांवर आणि नव्या तावांवर त्याच दिवशी, त्याच यंत्रावर 21 पट्ट्यांची स्टेप वेज, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायरीपायरीनं गडद होणारी पट्टी, काढली. जुन्यावर सगळ्या पट्ट्या सुट्या, नव्यावर शेवटच्या चार एकच. कागदावरचं शाई धरणारं कोटिंग बदललं होतं, हे त्यानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. माल परत घेतला नाही, पैसेही दिले नाहीत. आजही याचा राग आहे. कोटिंग बदललंत तर खोक्यावर एक ओळ छापा, एवढीच अपेक्षा होती.

दरम्यान एका स्पर्धकानं आमची दोन गिऱ्हाइकं नेली. त्याचा कागद पांढराशुभ्र, पण शुभ्रता ब्रायटनरची. प्रकाशात ब्रायटनरचा जोर ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. हे आम्ही सांगितलं, तर आमच्यावरच मत्सराचा ठपका आला.

तगलो ते एका माणसामुळे. प्रदर्शन ज्यांचं होतं ते छायाचित्रकार काका आयुष्यभर डार्करूममध्ये बॅरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर काम केलेले. दोन्ही वेज त्यांनी खिडकीशी नेल्या, भिंग लावून बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, ‘तुम्ही कागद शोधा. प्रदर्शन पुढे ढकलतो.’ आगाऊ दिलेले पैसे त्यांनी परत मागितले नाहीत.

मग एकेक कागद घेऊन नव्यानं शाईची मर्यादा ठरवली. मॅटवर एका हद्दीपलीकडे शाई वाढवली की काळा गडद होत नाही, उलट फिकटतो. ती हद्द प्रत्येक कोटिंगची वेगळी. क्रीम झाक असलेल्या कागदावर कार्बन फारच तपकिरी दिसला, म्हणून मधल्या छटांत थंड टोनर (निळसर झाकेची शाई) थोडासा मिसळला. शेवटी गुळगुळीत पोताच्या एका सुती कागदानं 1.68 दिली. काकांचं सगळं प्रदर्शन त्यावरच निघालं. सावलीतल्या विटेची कड दिसत होती.

या कामात नवे असणाऱ्यांना सांगतो : प्रत्येक खोक्यातले दोन ताव तारीख लिहून बाजूला ठेवा. मोजायच्या आधी प्रिंट एक दिवस वाळू द्या. ड्रायव्हरमध्ये मॅट कागदाचाच प्रकार निवडा, नाहीतर यंत्र फोटो ब्लॅक (चकचकीत कागदाची काळी शाई) उचलतं आणि काळा राखाडी निघतो. सुती कागदावरची धूळ मऊ ब्रशनं झाडा; छापल्यावर कण सुटला तर मागे पांढरा ठिपका राहतो. रंगद्रव्य तळाशी बसतं, म्हणून काडतूस लावण्याआधी हलक्या हातानं हलवा, आणि काम नसलं तरी आठवड्यातून एक प्रिंट काढाच.

त्या पुरवठादाराकडून अजून नमुने येतात. आम्ही आधी वेज काढतो, मग फोन उचलतो.