दुबईत नानांचा फोन

2021 साली रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची 22 टन केळी दुबईला गेली, तेव्हापासून आमच्या नानांच्या डोक्यात दुबई घर करून होती. बुर्ज खलिफा नाही, अल अवीरचा फळबाजार! नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. चोपडा तालुक्यात, तापीकाठी त्यांची केळी. अखेर यंदा मला बरोबर घेऊन निघाले. चोपड्याहून एसटीनं जळगाव, तिथून रेल्वेनं मुंबई आणि पुढे तीनेक तासांचं विमान.

त्यांची एकच अट होती. "फोनचं बिल केळीच्या गाडीएवढं यायला नको." अट रास्तच. पॅक न घेता परदेशात रोमिंगवर फोन वापरला की आलेल्या कॉलचेसुद्धा पैसे लागतात, आणि नानांना दिवसभरात येतात किती कॉल, ते मोजू नका.

म्हणून घरीच बसून दोघांचे फोन तपासले. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं. माझ्या फोनवर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा आला, म्हणजे ई-सिम, कार्डाशिवाय चालणारं सिम, चालणार. नानांच्या फोनवर काही तो आला नाही. मग माझ्या फोनवर डेटाचं ई-सिम घेतलं. ते उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं, तेव्हा हे काम घरीच उरकलेलं बरं. नानांनी माझ्या हॉटस्पॉटवर चालवायचं ठरलं. त्यांचं भारतातलं सिम फोनमध्येच ठेवलं, फक्त डेटा रोमिंग बंद केलं. सिम काढून ठेवलं की बँकेचा ओटीपी येणार कुठे? रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत. फोटोंचा बॅकअप आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ आपोआप उतरणं, हेही बंद केलं. नानांचे भजनी मंडळाचे दोन ग्रुप आहेत, एवढं सांगितलं की पुरे.

विमानात एअरप्लेन मोड लावायचा तो खिशासाठीही. काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, आणि त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा कितीतरी चढे.

खरी अडचण दुबईतली वेगळीच. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येत नाही. मेसेज जातो, फोटो जातो, व्हॉइस मेसेज जातो, पण कॉल लागत नाही. बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप्स आहेत, पण समोरच्याकडेही तेच लागतं, आणि काकूंना नवं अ‍ॅप शिकवायचं म्हणजे... असो. हॉटेलातल्या एका पोरानं "व्हीपीएन टाका ना" असं सुचवलं, म्हणजे आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणारं अ‍ॅप. मी हात जोडले. गुन्ह्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला तर तिथल्या कायद्यात 5 लाख दिरहमांपासून दंड आहे. काकूंशी गप्पा मारायला एवढी जोखीम कशाला?

म्हणून सगळा कारभार व्हॉइस मेसेजवर आला, आणि मला विचाराल तर तोच जास्त रंगला. शेतातल्या मोटारीची लाईट रात्रीची. नाना सकाळी उठले की आधी फोन तोंडाशी धरत, "लाईट उनी का रे?" (आली का रे?) भारताची वेळ दीड तास पुढे, त्यामुळे शेतावरच्या भावड्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच येऊन पडलेलं. काकूंचा सवाल ठरलेला, "जेवन व्हयनं का?" दुबईच्या देरा भागातल्या सोनेबाजारात नानांनी बांगड्यांचे फोटो काढून पाठवले. उत्तरात काकूंनी जळगावच्या सराफाचं कौतुक इतकं लांबवलं की नानांनी खरेदीच रद्द केली. फोनच्या बिलात वाचले त्याहून जास्त पैसे तिथे वाचले!

नाना बाजारात एकटे फिरायला लागल्यावर मात्र हॉटस्पॉटचा घोळ व्हायला लागला. मी चहाला थांबलो की त्यांचं नेट गेलं. त्यांच्यासाठी दुसऱ्या खाचेत तिथलं पर्यटकांचं सिम घेतलं, पासपोर्ट दाखवून. ते घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅपनं नंबर बदलायचा का असं विचारलं, तर 'नाही' म्हणायचं. डेटा दुबईच्या सिमचा, नंबर आपला चोपड्याचाच.

हा नंबर कामी आला अल अवीरला. इक्वेडोर, फिलिपिन्सच्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि त्यांत कोपऱ्यात 13 किलोच्या पेटीवर जळगाव केळी. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. नाना पेटीचं झाकण उघडून फण्या बोटांनी चाचपत राहिले, डाग शोधत. मल्याळी व्यापाऱ्यानं त्यांचा नंबर घेतला. तो अजून मोडक्या हिंदीत व्हॉइस मेसेज पाठवतो. नानांनी भाव विचारला की आधी घडाचा फोटो मागतो, आणि नाना फोटो पाठवण्याआधी पुन्हा भाव विचारतात.