चहा गोठत नाही

परभणी, 9 मे. रात्रीचे साडेअकरा. लाईट आत्ता आली.

बारक्याचं बोट आज बर्फाच्या ट्रेला चिकटलं. जुना ॲल्युमिनियमचा ट्रे, त्यात ह्याचा हात ओला. बोंबलायला लागला. मी ओढायला धावलो, तोवर नाना बाजेवरून कधी उठले कळलंच नाही. "ओढू नको, कातडं निघंल." माठातलं तांब्याभर पाणी घेऊन हळूहळू बोटावर सोडलं. बोट सुटलं. नाना परत बाजेवर, ओला पंचा परत डोक्यावर.

एवढंच झालं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. बारक्यानं विचारलं, "नाना, तुम्हाला कसं माहीत? तिकडं लडाखला खरंच चहा गोठायचा का?"

नाना म्हणाले, "न्हाई रे. उगं सांगायचो मी."

दुपारपासून हे 'उगं' मळणीच्या दिवशी शर्टात कूस शिरावं तसं झालंय. झटकलं तरी जात नाही.

उगं नव्हतं ते. पण मी तोंड उघडलं नाही, कारण पारावर सगळ्यात मोठ्यानं हसलेला मीच. नाना फौजेतून सुट्टीवर आले होते, ऐन वैशाखात. गावात बर्फ म्हणजे लग्नातली भुशात गुंडाळलेली लादी, नाहीतर गारेगारवाला. नाना सांगत होते, कपात चहा ओतला की बघता बघता वर पापुद्रा धरतो. कुणीतरी म्हणालं, "मग नाना, चहा काय चघळत होता का?" सगळा पार हसला. मग नाना म्हणाले, तिकडं पाणी खळखळ उकळतं, पण डाळ शिजत नाही, कुकर लागतो. ह्यावर तर माय पण पदर तोंडाला लावून हसली. तेव्हापासून नाना 'बर्फी फौजी'. उंचावर पाणी कमी उष्णतेला उकळतं, हे मला आठवीच्या विज्ञानात कळलं. कळलं आणि मी पेपरात लिहिलं, मार्क मिळाले. घरी येऊन नानांना काही म्हणालो नाही.

नाना चीनबरोबरच्या बासष्टच्या लढाईत नव्हते. वीसेक वर्षांनी चुशूलला होते, ती लढाई जिथं झाली त्या रेझांग ला खिंडीच्या पायथ्याकडं. आता बारक्याचं शिबिरात भाषण आहे, विषय रेझांग ला, वेळ तीन मिनिटं. 18 नोव्हेंबर 1962. तेरा कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी, 120 च्या आसपास माणसं, बहुतेक हरियाणाकडचे अहीर. 16,000 फुटांच्या वर, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, आणि मधे डोंगर आडवा, म्हणून आपल्याच तोफांचा उपयोग नाही. 114 गेले. हे सगळं तीन मिनिटांत बसेना, म्हणून परवा मी एक जागा खोडली. जे थोडे जिवंत परत आले, त्यांनी काय झालं ते सांगितलं तर कुणाला पटलं नाही. फेब्रुवारी 1963 मध्ये एक मेंढपाळ तिकडं गेला, त्याला ते गेलेले जवान दिसले. जागच्या जागी गोठलेले. कुणाच्या हातात अजून बंदूक, एकाच्या हातात इंजेक्शनची सिरिंज. तेव्हा कुठं पटलं.

हे खोडलं, आणि मेजर शैतानसिंगांच्या परमवीर चक्राचं ठेवलं. टाळ्या तिथं पडतात ना.

मी तेव्हा पाचवीत होतो, पोराला काय कळतं, असं मनाला सांगून बघितलं. आणि माझं तरी कोण ऐकतं? मागच्या मे महिन्यात ऑफिसात घेरी आली तर म्हणे नाटक करायलाय. चव्वेचाळीस होतं त्या दिवशी. जाऊ दे. ते वेगळं.

पण नानांनी कधी सोडलं असेल? पारावर तेही हसले होते, हे पक्कं आठवतंय. मधे कधीतरी सांगणं बंद झालं आणि आमच्या लक्षातही आलं नाही. मेंढपाळ आज आला होता दारात, नानांनीच त्याला माघारी लावलं.

जेवणानंतर बाजेजवळ जाऊन बसलो. कसं काढावं कळेना. "नाना, चुशूलला असताना…" म्हणालो, तर म्हणाले, "मोटार चालू करून ठेव, लाईट आली की टाकी भरंल." झालं. गेलो, ठेवली.

आत येऊन बारक्याची वही उघडली, खोडलेलं परत लिहावं म्हणून. तर पठ्ठ्यानं शेवटी पेनानं एक ओळ वाढवलीय: 'माझे आजोबा तिथे होते. ते म्हणतात तिथे चहा गोठत नाही.'

एकटाच हसलो. मग पेन्सिलीनं मेंढपाळ परत घातला. भाषण आता साडेचार मिनिटांचं होतंय, बाई ओरडतील. बारक्याची ओळ मात्र तशीच ठेवलीय. शनिवारी नानांना पहिल्या रांगेत बसवतो. पारावरचे दोघं-तिघं अजून आहेत, त्यांनाही गाडीत घालून आणतो. ऐकू दे.

टाकी वाहायलीय.