आईने काचेपुढे हात जोडले

आई स्टॉकहोमला आली आणि पहिल्याच रविवारी गामला स्तान या जुन्या शहरभागातल्या एका दुकानात शिंगांच्या टोपीवाला फ्रिज मॅग्नेट घेऊन अडून बसली. व्हायकिंगांच्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इथल्या दर्यावर्दी लोकांच्या, शिरस्त्राणाला शिंगं नसायचीच, हे खूळ १८७६च्या एका जर्मन ऑपेरातल्या वेशभूषेमुळे पसरलं, असं मी सांगून पाहिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला कार्ड काढायला लावलं.

मग मीही हट्टाने तिला हिस्तोरिस्का म्युझियमला, इथल्या इतिहासाच्या संग्रहालयात, नेलं.

तिथे एका काचेच्या पेटीत काशाचा बुद्ध बसलाय. कमळावर पद्मासन घातलेला, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर उंच. आपल्या देवघरातल्या बाळकृष्णाएवढा म्हणा ना. आईचे हात आपोआप जोडले गेले. "हा इथे कसा गं आला?"

साधारण सहाव्या शतकात, आज पाकिस्तानात असलेल्या स्वात खोऱ्याच्या बाजूला घडलेली ही मूर्ती. १९५०च्या दशकात ती सापडली हेल्ग्यो नावाच्या बेटावर, इथून अगदी जवळ, मेलारेन तलावात. त्याच बेटावर आयर्लंडमधल्या बिशपच्या दंडाची मूठ आणि इजिप्तकडची पळीही निघाली. एकच माणूस इतका हिंडला असेल असं मुळीच नाही. वस्तू हातोहात सरकत आल्या.

पण आई खरी रमली ती पुढच्या दालनात. बिर्का या व्यापारी बेटावरच्या थडग्यांतून निघालेले घडीचे तराजू तिथे आहेत. नाजूक पारडी, दांडी मधोमध दुमडणारी, सगळं मिळून खिशात मावेल असं. "हा तर सोनाराचा काटा!" ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. नाण्यावर काय छापलंय याच्याशी व्हायकिंगांना फारसं देणंघेणं नव्हतं, चांदी वजनावर चालायची. कमी पडली तर कड्याचा तुकडा तोडायचा, जास्त झाली तर नाणं कापायचं. म्हणजे आपल्याकडे सोनाराला मोड देतात तसंच. अस्सल आहे की नाही हे बघायला सुरीचं टोक टोचायचे. ते टोचे आजही दिसतात. वजनं लोखंडाची, वरून काशाचं कवच, म्हणजे कुणी खरवडलं तर लगेच उघडं पडावं. काट्यावर मारलेली चलाखी काय फक्त आपल्याच बाजारात असते?

ही चांदी आली बगदाद, समरकंद, ताश्कंदच्या टांकसाळींतून, दिरहम म्हणजे अरबी चांदीची नाणी होऊन. व्होल्गा आणि इतर नद्यांवरून, जिथे पाणी संपेल तिथे नाव ओढत नेत. गॉटलंड बेटावर १९९९ साली एका शेतात ६७ किलो चांदी सापडली, त्यात १४ हजारांहून जास्त नाणी, बहुतेक सगळी अरबी. या पूर्वेकडे जाणाऱ्यांना 'रुस' म्हणत. फिनलंडचे लोक स्वीडनला अजूनही 'रुओत्सी' म्हणतात, ते त्यातलंच.

बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान ९२२ साली व्होल्गाकाठी या लोकांना भेटला. त्याने लिहून ठेवलंय: नवऱ्याकडे दहा हजार दिरहम झाले की बायकोच्या गळ्यात एक सरी, वीस हजार झाले की दोन. हे ऐकून आई खूश. "आणि बदल्यात देत काय होते?"

कातडी. मध. तलवारी. आणि माणसं. इब्न फदलानने रुस व्यापाऱ्यांबरोबरच्या विकायला आणलेल्या मुलींबद्दलही लिहिलंय. पश्चिमेला जाऊन मठ-गावं लुटणारे आणि पूर्वेला काटा धरणारे हे काही वेगळे लोक नव्हते. लुटीतली माणसं हाच मालातला मोठा जिन्नस होता.

आई काही बोलली नाही. मघाशी जिची घडण बघत होती त्या चांदीच्या सरीवरून तिने नजर काढून घेतली.

रात्री मावशीशी फोन चालू होता. "शिंगं-बिंगं काही नव्हती गं त्यांना. काटा होता, आपल्या सोनारासारखा. पण माणसं विकायचे मेले!" मॅग्नेट मावशीसाठीच घेतलाय, हे मात्र तिने सांगितलं नाही.