टायमिंगची गोळी मागण्याआधी

नाशिकच्या सातपूर-अंबडकडची शिफ्ट सुटली की मेडिकलच्या काउंटरपाशी एखादा तरुण बाजूला उभा राहतो. बाकीची गिऱ्हाइकं गेली की पुढे सरकतो आणि हळूच विचारतो, "टायमिंगची काही गोळी आहे का?" दुकानदार काही विचारत नाही, गोळी कागदात गुंडाळून देतो. खरं तर तिथेच त्याला कुणीतरी विचारायला हवं: बाबा रे, तुझं टायमिंग कमी आहे हे तू कशाशी ताडून पाहिलंस?

बहुतेकांनी ते मोबाइलमधल्या अर्ध्या तासाच्या पॉर्न क्लिपशी ताडलेलं असतं. म्हणून आधी आकडे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजला, प्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा. मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं. कुणाचा वेळ मिनिटभरापेक्षा कमी होता, कुणाचा चाळीसच्या पुढे. सुरुवातीपासून जवळजवळ प्रत्येक वेळी मिनिटभरातच संपत असेल, थांबवणं हातात नसेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर त्याला शीघ्रपतन म्हणतात. पाच मिनिटं हा आजार नाही. साइजचंही तसंच. २०१५ मध्ये १५ हजारांहून अधिक पुरुषांची मापं एकत्र केली, तेव्हा ताठ अवस्थेतली सरासरी लांबी १३.१ सेंटिमीटर आली, म्हणजे पाच इंचांच्या किंचित वर.

क्लिपमधला अर्धा तास सलग नसतोच. मध्ये शूटिंग थांबतं, पाणी पिणं होतं, जागा बदलते, ताठरता टिकवायला गोळ्या आणि इंजेक्शनंही वापरली जातात. पण माझ्या मते सगळ्यात मोठी फसवणूक वेळेची नाही, कोनाची आहे. कॅमेऱ्याला अवयव दिसले पाहिजेत, म्हणून दोन शरीरं एकमेकांपासून लांब धरलेली असतात. घट्ट मिठी मारली की कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मग मिठी जाते, पाठीवरून फिरणारा हात जातो, "दुखतंय का?" हे विचारणं जातं. वर्षानुवर्षं तेच बघितलेल्या पुरुषाला वाटतं, एवढंच असतं.

आता जे दिसत नाही त्याबद्दल. स्त्री उत्तेजित होते तेव्हा योनिमार्गात ओलावा येतो, तो आतून लांब आणि रुंद होतो, गर्भाशयाचं तोंड वर सरकतं. याला वेळ लागतो, आणि तो आज वेगळा, उद्या वेगळा. त्याआधीच घाई केली तर घर्षण होतं, आत टोचतं. दोनचारदा असं झालं की पुढच्या वेळी हात लागण्याआधीच तिचे तिथले स्नायू आवळतात, आणि त्यामुळे आणखी दुखतं. मग ती डोकं दुखतंय म्हणते, मुलाला मध्ये झोपवते. नवरा समजतो, हिला आवडच नाही.

दुसरं, नुसत्या प्रवेशाने बहुतेक स्त्रियांना तृप्ती मिळत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत फक्त १८ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांनी तेवढं पुरेसं असल्याचं सांगितलं. बाकीच्यांतल्या बहुतेकींना शिश्निकेला, म्हणजे योनीच्या वरच्या टोकाला असलेल्या छोट्या उंचवट्याला, स्पर्श लागतो किंवा त्याने फरक पडतो. हलका, एका लयीत, आणि तिला आवडतोय तोपर्यंत न बदलता.

ओलावा कमी पडला तर मेडिकलमधून पाण्याचा आधार असलेलं वंगण (वॉटर-बेस्ड लुब्रिकंट) आणा. घरचं खोबरेल लेटेक्सच्या कंडोमबरोबर अजिबात नको, तेलाने रबर कमकुवत होऊन फाटतं. आणि हल्ली क्लिपमध्ये सर्रास दिसणारं गळा दाबणं: मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. त्याची सुरक्षित पद्धत नाही, तिने हो म्हटलं तरी नाही.

पुरुषाच्या शरीरालाही सवय लागते. मूठ घट्ट, वेग जास्त, दर मिनिटाला नवी क्लिप. मग बायकोजवळ उत्तेजना अपुरी वाटते. पॉर्नमुळेच ताठरता जाते का, यावर संशोधकांचं एकमत नाही, पण ही सवय मोडून बघायला काही खर्च नाही. चार ते सहा आठवडे व्हिडिओ बंद. हस्तमैथुन करायचंच तर सैल हाताने, सावकाश, पडद्याशिवाय. वेळ वाढवायची असेल तर १९५६ पासून माहीत असलेला साधा सराव आहे: आता सुटणार असं वाटण्याच्या थोडं आधी थांबा, भर ओसरू द्या, पुन्हा सुरू करा. असं तीनदा, चौथ्यांदा वीर्यपतन होऊ द्या. अगदी टोकाला जाऊन थांबलात तर जमणार नाही, चूक तिथेच होते.

पहाटे ताठरता येते पण जोडीदाराजवळ येत नाही, तर कारण बहुतेक चिंतेत असतं. कुठेच येत नसेल तर शुगर, बीपी आणि हृदय तपासा. लिंगाच्या धमन्या १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ च्या, त्यामुळे बिघाड आधी इथे दिसू शकतो. काउंटरवरची ती गोळी अनेकदा सिल्डेनाफिल असते. ती ताठरतेसाठी आहे, वेळेसाठी नाही. हृदयविकारात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर घेतली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. 'हर्बल' पुड्यांतही हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडलेलं आहे. बघणं सुटतच नसेल, काम आणि घर बिघडत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं.

जोडीने करायचा सरावही आहे. पहिले दोन आठवडे संबंध पूर्ण बंद, दोघांच्या संमतीने. आठवड्यातून दोनतीनदा, पंधरा मिनिटं एकाने स्पर्श करायचा, पंधरा मिनिटं दुसऱ्याने. छाती आणि जननेंद्रियं सोडून. ज्याला स्पर्श होतोय त्याने फक्त कसं वाटतंय ते सांगायचं. तिसऱ्या आठवड्यापासून बाकीचं शरीर, संबंध अजून नाही. "आज जमतंय, करून टाकू" म्हणून नियम मोडला की परीक्षेचं दडपण परत येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. सिडकोतल्या वन-रूम-किचनमध्ये, हॉलमध्ये आईवडील झोपलेले असताना हे कठीण आहे, मान्य. ते देवळात किंवा गावी जातात ती दुपार धरा. फोन खोलीबाहेर ठेवा.

बोलायला मराठीत शब्द नाहीत, ही सबब चालणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत याच विषयावर मराठीत मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. फक्त अंथरुणात बोलू नका, तिथे प्रत्येक शब्द तक्रार वाटतो. संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोघं चाला. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. "मी मोबाइलमध्ये बघून बरंच चुकीचं शिकलोय. तुला काय नको वाटतं, ते आधी सांग," एवढं म्हणा. मग एक पूर्ण फेरी मध्ये बोलू नका.